अकरावीचं बायोलॉजी : पाठ होतंय, पण कळतंय का?

अनघा_वाई

नमस्कार मंडळी. लेक यंदा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीतून आणि सोबत नीटचा (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा) क्लास. अभ्यासाला बसते, कष्ट करते, त्याबद्दल तक्रार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. क्रेब्ज सायकलचे (पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या साखळीचे) टप्पे ती क्रमाने म्हणून दाखवते, एकही चुकत नाही. परवा मी सहज विचारलं, दारातला आंबा लावला तेव्हा वीतभर होता, आता दुमजली झालाय, तर त्या खोडाचं एवढं वजन आलं कुठून? म्हणाली, "मातीतून. मुळांनी घेतलं." प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण तिला झोपेत विचारलं तरी येतं. पण ते समीकरण आणि दारातलं झाड यांचा एकमेकांशी संबंध आहे हे तिच्या मनात कुठेच नाही.

क्लासचे सर म्हणतात, एनसीईआरटीचं पुस्तक ओळ अन् ओळ पाठ करा, बाकी काही लागत नाही. ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. पण हा विषय असाच शिकायचा असतो का? तुम्ही कसा शिकलात? कोणी शिकवत असाल तर कसा शिकवता?

स्टेथो_नाशिक

ताई, मी फर्स्ट एमबीबीएसला आहे, त्यामुळे ताजा अनुभव सांगतो. क्लासचे सर बरोबर सांगताहेत. १८० प्रश्न, १८० मिनिटं. फिजिक्सच्या गणितांना वेळ हवा असेल तर बायोलॉजीचे ९० प्रश्न पाऊण तासात उरकावे लागतात. म्हणजे एका प्रश्नाला अर्धा मिनिट. तिथे विचार करत बसलं की पेपर हातातून गेला. एनसीईआरटीतलं वाक्य डोळ्यासमोर यावं लागतं, पानाच्या डाव्या बाजूला होतं की उजव्या तेसुद्धा.

समजून घ्यायला पुढे साडेपाच वर्षं आहेत. आत्ता सीट महत्त्वाची. तिला गोंधळात टाकू नका.

चिंचगुळ

आत्ता घरात सगळ्यांना आंब्याचा प्रश्न विचारला. नवरा (बीकॉम): मातीतून. सासरे (निवृत्त बँक मॅनेजर): खतातून. मुलगा (सहावी): "तुम्ही आधी उत्तर सांगा, मग मी सांगतो." मुलगा राजकारणात जाणार.

कोपरगावकर_मास्तर

अनघाताई, तुमच्या मुलीने दिलेलं उत्तर वर्गातली बहुतेक मुलं देतात. पस्तीसेक वर्षं शिकवलं, एकही वर्ष असं गेलं नाही. शिकवण्यात खोट आहे ती अशी, की आपण समीकरण आधी देतो आणि प्रश्न कधीच देत नाही. ज्याला प्रश्न पडलाच नाही त्याने उत्तराचं करायचं काय?

मी हा धडा व्हॅन हेल्माँटपासून सुरू करायचो. सतराव्या शतकातला हा माणूस. त्याने कुंडीत २०० पौंड कोरडी माती मोजून घातली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंड ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली तर घट जेमतेम २ औंसांची. एवढं सांगून मी थांबायचो. वर्गात आधी शांतता, मग गोंधळ. "सर, पाण्यातून आलं!" हेल्माँटही तेच म्हणाला. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे छापलं गेलं. विशेष म्हणजे कोळसा जाळून निघणाऱ्या वायूचा अभ्यास याच माणसाने केला होता, तरी आपल्या झाडाशी त्याची सांगड त्याला घालता आली नाही. ती घालायला पुढची दीडेकशे वर्षं गेली.

मग मी विचारायचो, लाकूड जाळलं की उरतं काय? राख, चिमूटभर. मोठ्या मानाने तेवढंच मातीतून आलं. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतला. इथे एखादं पोर हमखास उभं राहायचं, "म्हणजे सर, झाड हवेचं बनलंय?" त्या क्षणापुढे समीकरण पाठ करायला सांगावं लागत नसे.

या सगळ्याला एक तास पुरतो. "पोर्शन पूर्ण होत नाही" असं मला कोणी म्हटलं की मी हाच तास सांगतो.

चिंचगुळ

मास्तर, नवऱ्याला वाचून दाखवलं. आता तो दारातल्या शेवग्याकडे वेगळ्या नजरेने बघतोय.

राखेवरून आठवलं, माझी आजी चुलीतली राख परसातल्या आळूला घालायची. मातीतलं मातीला परत! फोन करून सांगते तिला, खूश होईल.

पेशीसखी

मी वनस्पतींच्या पेशींवर संशोधन करते. मास्तरांना शंभर टक्के अनुमोदन, पण स्टेथो यांच्या बाजूनेही थोडं बोलायचं आहे.

"पाठांतर वाईट, समज चांगली" अशी सरळ वाटणी या विषयात होत नाही. जीवशास्त्रात नावं अफाट आहेत आणि ती यावीच लागतात. फोडणीच्या डब्यातलं काय कुठे आहे हे पाठ असून कोणाला स्वयंपाक येत नाही, पण दर वेळी मोहरी शोधत बसलात तर फोडणी जळणार हेही खरं. मला तंतुकणिका, हरितलवक, रायबोसोम हे शब्द अडखळत आठवावे लागले असते तर त्यांच्याबद्दल विचार करताच आला नसता.

प्रश्न पाठ कसं करायचं हा आहे. मुलं काय करतात? धडा पुन्हा पुन्हा वाचतात आणि पिवळ्या मार्करने रंगवतात. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतं असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं, आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणूनच रात्री वाचून सकाळी चाचणीत चमकणाऱ्या मुलाला महिन्याने काहीच आठवत नाही.

तेव्हा अनघाताई, लेकीला सांगा: धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आकृती काढायची, नावं द्यायची, बाण दाखवायचे. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. हे कष्टाचं आहे आणि करताना आपल्याला काही येत नाही असं वाटतं, म्हणून मुलं टाळतात. पण टिकतं ते हेच.

आणि प्रत्येक आकृतीच्या खाली एक "का" लिहायचा. हृदयाच्या डाव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) भिंत उजवीपेक्षा जाड का? पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) बहुतेक पानांच्या खालच्या बाजूला जास्त का? त्याचं उत्तर शोधताना बाकीचं आपोआप पाठ होतं.

स्टेथो_नाशिक

कोऱ्या कागदाची युक्ती मान्य. मी ॲनाटॉमीला आता तेच करतोय, नीटच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

रानवाटा

बीएस्सी ॲग्री, सध्या जुन्नर तालुक्यात स्वतःची शेती. धाग्याचा विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो.

बारावीच्या पुस्तकात एक ओळ आहे, व्हायोला, ऑक्झॅलिस आणि कॉमेलिना यांना दोन प्रकारची फुलं येतात, एक उघडणारी आणि एक कधीच न उघडणारी. क्लिस्टोगॅमस म्हणतात त्यांना. बंद फुलात परागकण तिथल्या तिथेच पडतात, त्यामुळे कीटक येवो न येवो, बी धरतंच. लाखो मुलं ही तीन नावं घोकतात. आता यातली कॉमेलिना म्हणजे आपला केना. पावसाळ्यात बांधावर, कुंडीत, गटाराकडेला, कुठेही उगवतो. निळं इवलं फूल सकाळी उमलतं, दुपारी मिटून जातं.

शेजारची दोन पोरं बारावीला आहेत. त्यांना घेऊन गेलो आणि म्हटलं, उपटायचा नाही, खुरप्याने हळूच माती बाजूला करायची. खाली पांढरट फांद्या निघतात आणि त्यांना मातीच्या आतच बंद फुलं लागलेली असतात. पोरांनी पहिल्यांदा ती मुळावरची गाठ समजली. मग ब्लेडने उघडली, आत परागकोश. ती दोघं बराच वेळ चिखलात बसून होती. एकाने विचारलं, "काका, म्हणून खुरपणी करूनही हा जात नाही का?" अगदी म्हणूनच! वरचं कापलं तरी बियांची सोय खाली झालेली असते, शिवाय तुटलेला तुकडाही रुजतो. आमच्या गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याचं वैर आहे या केन्याशी आणि त्या वैराचं कारण बारावीच्या पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं आहे.

पुस्तकातली अशी उदाहरणं मोजायला बसलात तर संपणार नाहीत. रुईला गुरं तोंड का लावत नाहीत (चिकातली विषारी द्रव्यं), अमरवेल, जलपर्णी, गाजर गवत, कावळ्याच्या घरट्यातली कोकिळेची अंडी. सगळं आपल्या गावच्या वेशीत आहे. सहलीला वॉटर पार्कला नेतात, एकदा ओढ्यापर्यंत चालत न्यायला काय हरकत आहे?

सुगरण_मालवण

अवांतर: केन्याची भजी करतात का तुमच्याकडे? पानं मोठी आणि कोवळी घ्यायची, बेसनात ओवा घालून.

रानवाटा

करतात की. आई भाजी पण करते, लसूण-मिरचीवर परतून. वैर आहे म्हणून काय खायचा नाही का :)

चिंचगुळ

जीवशास्त्राच्या धाग्यावर पाककृती येणार हे माहीतच होतं. पण ओव्याचं प्रमाण द्या.

प्रयोगशाळा_दालन

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे शिक्षकांची बाजू मांडते. वरचं सगळं वाचून आनंद झाला आणि जीव तुटलाही.

कांद्याच्या मुळाचं टोक घेऊन सूत्री विभाजन (एका पेशीच्या दोन होणं) बघायचं प्रात्यक्षिक आहे. त्यासाठी कांदे काही दिवस आधी पाण्यावर ठेवावे लागतात. मुळं सकाळच्या ठरावीक वेळेला कापून फिक्स केली तरच विभाजनाच्या अवस्थेतल्या पेशी भरपूर सापडतात. मग आम्लात किंचित गरम करायची, ॲसिटोकार्मिनने रंगवायची, काचेवर ठेवून अंगठ्याने अलगद दाबायची. जोर जास्त झाला की सगळ्याचा लगदा. हे करताना ज्या मुलीला पहिल्यांदा स्वतःच्या स्लाइडवर ॲनाफेज दिसतो, तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. गुणसूत्रं खरंच दोन बाजूंना ओढली जात असतात, पुस्तकात काढलेली असतात तशीच, फक्त जास्त अस्ताव्यस्त.

आता परिस्थिती सांगते. बोर्डाचे लेखी ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३० गुण. कागदावर हे चांगलंच आहे. पण पटावरची निम्मी मुलं "इंटिग्रेटेड" क्लासला असतात आणि कॉलेजात थेट फेब्रुवारीत उगवतात, जर्नलवर सही घ्यायला. जर्नल मागच्या वर्षीच्या ताईचं उतरवलेलं, तिने तिच्या ताईचं उतरवलेलं. निरीक्षणाच्या रकान्यात आकडे तेच! मी सही नाकारली की पालक प्राचार्यांकडे जातात. मुलांना दोष द्यायला माझं मन होत नाही. नीटमध्ये सूक्ष्मदर्शक हाताळायचा एकही गुण नाही, मग कोण कशाला येईल?

तरीही जी दहा-बारा मुलं नियमित येतात, त्यांच्यासाठी मी सगळी प्रात्यक्षिकं पूर्ण घेते. ऱ्होईओच्या पानाची जांभळी साल काढून त्यावर मिठाचं पाणी टाकलं की पेशीतला रंगीत भाग आक्रसताना डोळ्यासमोर दिसतो. परासरण (पेशीच्या पडद्यातून पाण्याची ये-जा) एकदा असं पाहिलं की लोणच्यात मीठ का, बेडकाला समुद्र का चालत नाही, सलाइन शुद्ध पाण्याचं का नसतं, सगळं एका सुतात येतं.

मोरपंखी

बेडकाचा विषय निघाला म्हणून. आमच्या वेळी बेडूक कापायला लावायचे. क्लोरोफॉर्मचा तो वास अजून आठवतो. मी त्यामुळे सायन्स सोडून आर्ट्सला गेले. हल्ली बंद झालंय ना ते?

कोपरगावकर_मास्तर

बंद झालं आणि बरं झालं. बेडूक शेतातले किडे खातात. त्यांच्या पायांची निर्यात १९८७ साली थांबवावी लागली इतके आपण ते संपवत आणले होते. पुढे यूजीसीने २०११ आणि २०१४ च्या सूचनांनी प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गांतलंही विच्छेदन थांबवलं.

पण खऱ्या अवयवाला हात लागायला हवा, हे माझं मत कायम आहे. मटणाच्या दुकानात बोकडाचं "दिल" मागा. घरी धुऊन उभं कापा. डाव्या बाजूची जाड भिंत बोटाला लागते, उजवीची पातळ. झडपांना धरून ठेवणारे पांढरे दोरे दिसतात, ओढून बघा किती चिवट आहेत. पेशीसखी यांनी वर "डावी भिंत जाड का" विचारलंय, त्याचं उत्तर हातात येतं: एक बाजू फुप्फुसापर्यंत ढकलते, दुसरी डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत.

शाकाहारी_सदाशिव

मास्तर, आमच्याकडे दिल चालणार नाही, दुसरं काही सांगा.

पेशीसखी

चालेल असं स्वयंपाकघरातच आहे. प्लॅसेंटेशनचे (फळाच्या आत बिया कुठे लागतात त्याचे) प्रकार मुलं तक्ता करून पाठ करतात. त्याऐवजी मटारची शेंग उघडा, दाणे एकाच कडेला लागलेले. टोमॅटो आणि लिंबू आडवे कापा, मधल्या अक्षाभोवती कप्पे. पपई आडवी कापा, बिया भिंतीला चिकटलेल्या, मध्ये पोकळी. झेंडूच्या एकेका फुलकात तळाशी एकच बीज. भाजी निवडताना वीस मिनिटांत धडा होतो.

तिसरा_बाक

मी मराठी माध्यमातून अकरावीला आलो तेव्हा पहिले काही महिने वर्गात नुसता बसून असायचो. दहावीच्या विज्ञान भाग २ मधलं बरंच काही तिथे पुन्हा येत होतं, पण मला ते ओळखूच येत नव्हतं. वाटायचं सगळं नवीन आहे आणि बाकीच्यांना आधीपासून येतंय. अनघाताई, तुमच्या लेकीचं हेही असू शकेल. मला एका सरांनी दहावीचं पुस्तक शेजारी उघडून बसायला सांगितलं. आधी आपल्या भाषेत पान वाचायचं, मग इंग्रजीतलं. दिवाळीपर्यंत गाडी रुळावर आली. आज मी पॅथॉलॉजी लॅब चालवतो.

आणि तिला वर्गात मराठीत प्रश्न विचारायला सांगा. चांगले शिक्षक मराठीत उत्तर देतात.

निशिगंधा_एम

एक वेगळा मुद्दा. प्रजननाचा धडा तुमच्याकडे कोणी शिकवला? आमच्या शाळेत मुलामुलींचा एकत्र वर्ग, बाईंनी फुलाचं परागीभवन दोन तास शिकवलं आणि माणसावर आल्या तेव्हा म्हणाल्या, "हे घरी वाचा, सोपं आहे." घरी कोणाला विचारणार? मासिक पाळीचं चक्र मी परीक्षेपुरतं पाठ केलं, माझ्याच शरीरात ते चाललेलं असताना. कुठल्या दिवशी काय होतं, दुखतं का, अनियमित कधी समजायचं, हे मला कळलं थेट पहिल्या बाळंतपणाच्या वेळी, डॉक्टरांकडून.

हा धडा टाळणं म्हणजे मुलींच्या तब्येतीशी खेळणं आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

प्रयोगशाळा_दालन

निशिगंधा, खूप महत्त्वाचं लिहिलंत. मी एक खोका ठेवते. आठवडाभर आधी सगळ्यांनी चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न लिहायचे. मुलगे जास्त लिहितात! मग धडा त्या प्रश्नांवरूनच घेते. पहिली पाच मिनिटं खुसखुस होते, नंतर वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. एका मुलाने लिहिलं होतं, "बहिणीला त्या दिवसांत वेगळं बसवतात, त्याला शास्त्रीय कारण आहे का?" नाही, असं मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

उत्क्रांतवादी

सगळे धडे सुटे सुटे का वाटतात याचं माझ्या मते मूळ कारण: उत्क्रांती शेवटी शिकवतात, घाईत शिकवतात, किंवा शिकवतच नाहीत. एनसीईआरटीने २०२३ च्या पुस्तकात दहावीच्या "आनुवंशिकता आणि उत्क्रांती" मधली उत्क्रांती काढून टाकली. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं. आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात मात्र भाग २ चा पहिलाच धडा तो आहे, याचं मला कौतुक वाटतं.

उत्क्रांतीचे अभ्यासक डोबझान्स्की यांनी १९७३ मध्ये लिहिलं होतं की उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रातल्या कशालाच अर्थ लागत नाही. वर्गीकरणाचा तक्ता घ्या. देवमासा सस्तन, वटवाघूळ सस्तन, हे नुसतं पाठ करायला त्रासदायक आहे. पण वटवाघळाच्या पंखात, देवमाशाच्या वल्ह्यात आणि आपल्या हातात तीच हाडं त्याच क्रमाने आहेत, कारण पूर्वज एक, हे दाखवलं की तक्ता म्हणजे एका कुळाची वंशावळ होते. आपल्याकडे वंशावळ कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

आणि "माकडाचा माणूस झाला" हे वाक्य शिक्षकांनीच थांबवावं. माकडं आणि आपण चुलत घराणी आहोत.

स्टेथो_नाशिक

याला जोडून: अकरावीच्या एनसीईआरटीतून पचनाचा धडाही गेला आणि नीटच्या अभ्यासक्रमातूनही २०२४ पासून गेला. आमच्या बॅचमध्ये पोट-आतड्यांबद्दल दहावीनंतर काहीच न वाचलेली मुलं आहेत, आता फिजिऑलॉजीत धावपळ चालू आहे. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात मानवी पोषणाचा धडा आहे, तो तिने वाचावा. इथे मात्र "फक्त एनसीईआरटी" हा सल्ला मी देणार नाही.

मध्यान्ह

ऑलिंपियाडचा उल्लेख कोणीच केला नाही. नोव्हेंबरच्या सुमारास एनएसईबी ही परीक्षा म्हणजे जीवशास्त्र ऑलिंपियाडची पहिली पायरी असते, पुढचं शिबिर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात. २००८ ची आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिंपियाड मुंबईतच झाली होती. निवड होवो न होवो, जुने प्रश्न सोडवायला घ्या. आलेख देतात, प्रयोगाची माहिती देतात आणि विचारतात, यावरून काय म्हणता येईल, काय म्हणता येणार नाही? पुस्तक उघडं ठेवलं तरी उत्तर पानावर सापडत नाही. नीटमध्ये विधान-कारण पद्धतीचे प्रश्न येतात, त्यांनाही हा सराव कामी येतो.

वारकरी_मनाचा

सगळ्यांचे प्रतिसाद अभ्यासपूर्ण. फक्त एक सांगतो, आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो, म्हणून तर त्याची पूजा.

पेशीसखी

पिंपळ मलाही प्रिय आहे. केवढ्या पाखरांचा संसार असतो त्याच्यावर. पण रात्री ऑक्सिजन कोणतंच झाड सोडत नाही. तो ऑक्सिजन पाण्याच्या रेणूतून निघतो आणि पाणी फोडायला प्रकाश लागतो. अंधारात झाडं आपल्यासारखाच श्वास घेतात (दिवसाही घेतातच, तेव्हा फक्त प्रकाशसंश्लेषणाचं पारडं जड असतं).

या गैरसमजाच्या जवळची एक खरी गोष्ट आहे. निवडुंग, पानफुटी अशा झाडांची पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतात. दिवसा उघडली तर पाणी उडून जाईल. रात्री ती कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं बंद ठेवून त्याचं अन्न करतात. ऑक्सिजन दिवसाच तयार होतो.

याची नोंद भारतात झाली हे सांगायला मला फार आवडतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचं पान चाखून पाहिलं. सकाळी आंबट, दुपारपर्यंत बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. त्यांनी लंडनला कळवलं आणि १८१५ साली ते छापून आलं. त्यामागची रसायनं उलगडायला पुढे शतकभराहून जास्त काळ लागला.

वारकरी_मनाचा

पारडं जड ही गोष्ट पटली. आमच्या गच्चीत पानफुटी आहे, उद्या सकाळी चाखतो.

तिसरा_बाक

दादा, चाखू नका. त्या जातीच्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. पान ठेचून रस पीएच कागदावर लावा. नुसता लिटमस नको, दोन्ही वेळा लालच होईल. रंगाच्या छटा दाखवणारा कागद मागा, प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो.

अनघा_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस प्रतिसाद वाचतेय, तीही वाचतेय. कोरा कागद सुरू केलाय. पहिल्या दिवशी हृदयाची आकृती अर्धीच आठवली म्हणून रडकुंडीला आली होती, आता बरं चाललंय. मटणाच्या दुकानात बाबांना पाठवलं होतं, त्यांनी कलेजी आणली. ती खाऊन टाकली, पुन्हा पाठवणार आहे.

पीएच कागद मिळाला. पानफुटी शेजारच्या काकूंकडून. सकाळी सहाला रस लावला तर कागद केशरी, दुपारी चारला लावला तर पिवळट. तिने दोन्ही कागद वहीत चिकटवले. आणि आता विचारतेय, कुंडी दिवसभर अंधाऱ्या कपाटात ठेवली तर दुपारी पान आंबट राहील की नाही? नेटवर शोधू नको म्हटलंय, पण मला स्वतःला माहीत नाही. पेशीसखी, मास्तर, सांगाल का?

कोपरगावकर_मास्तर

मी सांगणार नाही. पेशीसखींनीही सांगू नये अशी विनंती. एकाच झाडाच्या दोन कुंड्या घ्या, एक कपाटात, एक खिडकीत, पाणी सारखं. काय होईल आणि का, ते तिने आधी वहीत लिहून ठेवायचं. मग कागद लावायचा.

पेशीसखी

मास्तर, तोंड मिटून बसलेय. फक्त एवढंच सांगते, दोन्ही कुंड्यांतली सारख्या वयाची पानं घ्या, शेंड्याकडची कोवळी नकोत. आणि कपाटाच्या फटीला कापड लावा.